मिस्त्रीचा हात

एकनाथरावांनी फोटो उलटा केला आणि खिडकीजवळ नेला.

"अण्णा, उलटा धरलात," निशिगंधा म्हणाली.

"ठाऊक आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. फोटो नाकाच्या अगदी जवळ आणला, मग हात लांब करून दूर नेला. फोटोत गवतात कललेला एक राखाडी दगड होता. त्यावर शेवाळाचे पिवळट डाग पडले होते. मागे छप्पर नसलेल्या चर्चची भिंत, भिंतीत एक रिकामी कमान आणि कमानीतून दिसणारं ओलं आभाळ. ऑफिसात निशिगंधाने या दगडाकडे दोन दिवस टक लावून पाहिलं होतं. तिला पहिल्या ओळीत नुसते दोन उभे दांडे दिसले होते, म्हणून तिने 'अकरा' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

"सरळ धरलं की डोळा वाचायला लागतो," एकनाथराव म्हणाले. "आणि वाचायला लागला की बघायचं सोडतो. आमचे उस्ताद म्हणायचे, पढो नक्को मियाँ, देखो. हं, घे लिहून. शिडी."

"शिडी?"

"दोन खांब आणि मधी पायरी. पायरी बारीक असती, ती आधी झिजती. खांब राहतात. हे अकरा नाही. शिडी आहे."

निशिगंधाने वहीत इंग्रजी एच काढला.

"मग अंडं. मग दोन खांब, मधी तिरपी काडी. पुन्हा अंडं. मग लंगडा, हा बघ, एक पाय पुढं टाकलेला. शेवटी तंबू."

एच, ओ, एन, ओ, आर, ए. निशिगंधाने ते जुळवून मोठ्याने म्हटलं, "ऑनोरा. अण्णा, नाव आहे हे! बाईचं नाव."

"असंल," एकनाथराव म्हणाले. "मला काय कळतंय इंग्रजी. दुसरा दे."

चाळीस वर्षं त्यांनी कोठी नावाच्या बाजारपेठेतल्या एका बोळात संगमरवराच्या पाट्या कोरल्या होत्या. इंग्रजी, तेलुगू, उर्दू, मराठी, जे गिऱ्हाईक कागदावर लिहून आणेल ते. डॉक्टरांच्या पाट्या, वकिलांच्या पाट्या, शाळांचे पायाभरणीचे दगड आणि नारायणगुड्याच्या ख्रिस्ती कब्रस्तानासाठी थडग्यांचे दगड. चारही भाषांतल्या अक्षरांचं वळण त्यांच्या हातात होतं, भाषा मात्र वाचता यायची एकच. दोन वर्षांपूर्वी बोळाच्या तोंडाशी एका मुलाने मशीन आणलं. ते प्लास्टिकची अक्षरं एका तासात कापून द्यायचं. एकनाथरावांनी सहा महिने वाट पाहिली आणि दुकान बंद केलं. तेव्हापासून ते सकाळी काचीगुड्याच्या घरातून निघत, कोठीपर्यंत चालत जात आणि कुणाशी न बोलता परत येत. कुसुमताई, त्यांच्या पत्नी, त्यांना भाजी आणायला सांगत, म्हणजे जाण्याला काही कारण तरी राहील.

निशिगंधा कुकटपल्लीला कम्प्युटरवर काम करायची. हा शब्द ती घरात जरा हळूच उच्चारायची.

तिचं ऑफिस एका नळाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. सहा मुली, सहा कम्प्युटर आणि मालक हर्षद. तिशीचा, पुण्याहून आलेला, सतत घाईत. सत्त्याण्णव साल होतं आणि परदेशातून काम मिळवणाऱ्या लोकांच्या गोष्टी शहरात रोज ऐकू येत होत्या. हर्षदला मिळालेलं पहिलं परदेशी काम म्हणजे हे दगड. आयर्लंडमध्ये किलाडरीन नावाच्या खेड्यात एक पडकं चर्च होतं आणि त्याच्या आवारात दोनशे बारा जुनी थडगी. गावातल्या लोकांनी प्रत्येक दगडाचा फोटो काढून, पाठीवर क्रमांक घालून सगळे फोटो कुरियरने पाठवले होते. दगडांवरचा मजकूर टाइप करून महिनाअखेर यादी द्यायची होती. यादी चांगली झाली तर त्या जिल्ह्यातल्या सगळ्या जुन्या चर्चांचं काम मिळणार होतं, नाही झाली तर हर्षदला मजला सोडावा लागणार होता. अट अशी की दहापेक्षा जास्त दगड 'वाचता येत नाही' म्हणून सोडायचे नाहीत.

त्यांच्याकडे असे सदतीस होते.

"सर, हे मी घरी नेऊ का?" शनिवारी निशिगंधाने विचारलं होतं. "माझे वडील दगडावर अक्षरं कोरायचे."

हे तिने ऑफिसात पहिल्यांदाच सांगितलं होतं. ऑफिसच्या दारावर प्लास्टिकच्या अक्षरांची पाटी होती, आणि ती रोज त्या पाटीखालून आत जायची.

रविवार दुपारपर्यंत एकनाथरावांनी नऊ दगड सोडवले. कुसुमताईंनी दोनदा जेवायला बोलावलं.

"काय चाललंय बाप-लेकीचं? शिडी काय, तंबू काय?"

"लोक मेलेत तिकडं, त्यांची नावं काढतोय," एकनाथराव म्हणाले.

"अगं बाई! मग जेवून काढा. ते कुठं पळून चाललेत?"

एकनाथराव हसले. कुसुमताईंनी भाकरी तव्यावर टाकताना एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तव्याकडे वळल्या.

सोमवारी ते कोठीला गेले ते घड्याळवाल्याकडून भिंग आणायला. येताना भाजी विसरले. कुसुमताईंनी पिठलं टाकलं.

बुधवारी निशिगंधा घरी आली तेव्हा त्यांनी जमिनीवर वीसेक फोटो रांगेत मांडले होते आणि रांगेच्या कडेने ते उकिडवे सरकत होते.

"हा सगळा एकाच माणसाचा हात आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"लंगड्यावरून. बघ, याचा पाय बाकीच्यांच्यापेक्षा लांब. ओळीच्या खाली जातोय, पुढच्या अक्षराच्या पायात येतोय. दुसरा कुणी असा काढत नाही." त्यांनी पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "हा कोणत्या सालचा?"

"अठराशे एकोणतीस."

"इथं पोरगा आहे. जागा मोजायची अक्कल नाही, शेवटचं अक्षर कडेला कोंबलंय. आणि हा?"

"एक्केचाळीस."

"इथं हात बसला. काय सुंदर काढलंय बघ. इथून दहा-बारा वर्षं त्याचा कुणी हात धरू शकत नाही. आणि हा शेवटचा?"

"अडुसष्ट."

"हं. म्हातारा झाला. उथळ झालंय, छिन्नी दाबत नाही. पण ओळ सरळ आहे हां. ओळ शेवटपर्यंत सरळ ठेवली मिस्त्रीनं."

त्या दिवसापासून घरात त्या माणसाला मिस्त्रीच म्हणायला लागले. चहा पिताना एकनाथराव सांगत, मिस्त्रीला देवदूताचे पंख जमत नाहीत, कोंबडीचे काढतो. मिस्त्रीनं आज एका बाईचं वय चुकवलंय आणि वर खरवडून नीट केलंय. कुसुमताई विचारत, "त्याला बायको-बियको होती का नाही?" एकनाथराव म्हणत, "सापडंल. तिचाही दगड त्यानंच केला असंल."

शुक्रवारी निशिगंधा त्यांना ऑफिसात घेऊन गेली, कारण अठरा फोटो अजून उकलत नव्हते आणि हर्षदला त्यांच्याशी बोलायचं होतं. एकनाथरावांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला. बसमध्ये तासभर ते खिडकीबाहेरच्या पाट्या पाहत बसले.

ऑफिसच्या दारात ते थांबले, वर पाहिलं. त्यांनी प्लास्टिकच्या एका अक्षरावर नख फिरवलं आणि आत गेले.

मुलींना शिड्या आणि तंबू आधीच माहीत झाले होते. "अंकल, साप कोणतं हो?" एकीने विचारलं.

"एस."

"आणि क्यू?"

"शेपटीवालं अंडं."

सगळ्या हसल्या. हर्षदने खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. कम्प्युटरच्या पडद्यावरची अक्षरं त्यांनी वाकून पाहिली, डावीकडून, मग उजवीकडून.

"साफ आहे," ते म्हणाले. "पण कुणी काढलंय ते कळत नाही."

मग त्यांनी अठरा फोटो टेबलावर मांडले. "हे असे निघणार नाहीत. फोटो भर दुपारी काढलेत, नाहीतर ढगात. ऊन समोरून आलं की खाचा भरून निघतात. ऊन बाजूनं पाहिजे. एका कडेला मोठा आरसा धरायचा आणि उजेड दगडावर आडवा पाडायचा. खाचेत सावली बसती. मग जे कोरलंय ते उठून येतं. आणि दगड धुवायचा असला तर नुसत्या पाण्यानं. ब्रश लावू नका म्हणावं, तारेचा तर मुळीच नको."

हर्षद डोकं खाजवत उभा राहिला. "काका, काम त्यांनी आपल्याला दिलंय. आपणच त्यांना परत काम सांगायचं?"

"दगड त्यांचा, ऊन त्यांचं. आरसा तेवढा धरायचाय."

हर्षदने निशिगंधाकडे पाहिलं. निशिगंधाने खुर्ची ओढली आणि ई-मेल टाइप करायला घेतली.

किलाडरीनहून ब्रिजिड कीनन नावाच्या बाई हे सगळं काम पाहत होत्या. चार दिवस त्यांचं उत्तर आलं नाही. हर्षद रोज सकाळी मोडेमची किरकिर ऐकत उभा राहायचा. पाचव्या दिवशी लांबलचक पत्र आलं. निशिगंधाने ते छापून घरी आणलं आणि वडिलांना मराठीत सांगितलं. बाईंनी लग्नातल्या कपाटाच्या दाराचा आरसा काढला होता. नवरा आणि दोन शेजारी तो शेतातून उचलून चर्चपर्यंत घेऊन गेले, तेव्हा गाई मागे लागल्या, कारण गाईंना आरशात गाई दिसत होत्या. मग तीन दिवस ऊनच पडलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी अर्धा तास पडलं. 'ज्या दगडाशेजारून मी लहानपणापासून जाते आहे,' बाईंनी लिहिलं होतं, 'त्यावर माझ्याच पणजीचं नाव आहे. ते उजेडात वर आलं तेव्हा आम्ही चौघेही ओरडलो. हे सांगणारा माणूस कोण आहे?'

"काय लिहू?" निशिगंधाने विचारलं.

एकनाथरावांनी गाईंची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाले, "लिही, कोठीतला एक मिस्त्री."

नवे फोटो कुरियरने आले ते महिना संपायला चार दिवस असताना. अठरापैकी अकरा एका सकाळीच निघाले. मिस्त्रीच्या बायकोचा दगडही त्यांतच होता. मार्गारेट, अठराशे अठ्ठावन्न. टिमथी लॉलर याची पत्नी, एवढंच त्यावर होतं, आणि भोवती द्राक्षाच्या वेलीची नक्षी, जी दोनशे बारा दगडांपैकी दुसऱ्या कुठल्याच दगडावर नव्हती.

"म्हणजे मिस्त्रीचं नाव टिमथी लॉलर?" निशिगंधा म्हणाली. "दुसऱ्याही कुणाची बायको असेल ना ही, आणि दगड मिस्त्रीने केला असेल."

"वेल बघ. गिऱ्हाइकासाठी एवढं कुणी करत नाही," एकनाथराव म्हणाले.

कुसुमताई हात पुसत आल्या आणि त्यांनी भिंगातून ती वेल बराच वेळ पाहिली. "आमच्यासाठी केलं का कुणी असं कधी," म्हणाल्या आणि आत गेल्या. एकनाथरावांनी भिंग पुसलं आणि ती वेल पुन्हा पाहिली.

शेवटचा फोटो एकशे चाळीस क्रमांकाचा होता. चर्चच्या पडक्या भिंतीला टेकलेला, मार्गारेटच्या शेजारचा. गावकऱ्यांनी पाठीमागे 'कोरा दगड' असं लिहिलं होतं. पण आरसा आणलाच आहे तर, म्हणून त्याचाही एक फोटो काढला होता.

एकनाथरावांनी तो उलटा धरला. मग सरळ धरला. मग उठून गच्चीवर उन्हात गेले. निशिगंधा मागोमाग गेली.

"हा कोरा नाही," ते म्हणाले. "म्हातारपणचा हात आहे. एकदम उथळ. घे. टेबल. काडी. जोडडोंगर..."

टी, आय, एम. पुढची अक्षरं त्यांनी सांगायच्या आधीच निशिगंधाच्या ओठांवर आली, पण ती एकेक ऐकून लिहीत गेली. टिमथी लॉलर. पाथरवट, याच गावचा. मृत्यू, अठराशे.

"अठराशे किती?"

एकनाथरावांनी भिंग वर-खाली केलं. त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा निशिगंधा घाबरून पुढे झाली. ते हसत होते.

"जागा सोडलीय," ते म्हणाले. "एक आणि आठ कोरलेत, पुढं दोन आकड्यांची जागा सोडलीय. मापात. अगं, यानं स्वतःचा दगड स्वतःच करून ठेवला! दुसऱ्यावर भरवसा नाही ना. म्हटलं असंल, मी मेल्यावर कुणीतरी दोन आकडे टाकील." त्यांनी डोळे पुसले. "आणि गावात दुसरा कोरणारा होता कुठं?"

यादी वेळेत गेली. सात दगड राहिले, दोनशे पाच वाचले गेले. तीन आठवड्यांनी जिल्ह्याचं काम मिळाल्याचं पत्र आलं. हर्षदने कुकटपल्लीतल्या हॉटेलातून सगळ्यांसाठी बिर्याणी मागवली आणि एकनाथरावांना दर शनिवारी यायची विनंती केली, "शिकवायला, काका. मुलींना आणि मलाही." त्याच पत्रात ब्रिजिडबाईंनी कळवलं होतं की चर्चच्या नोंदवहीत टिमथी लॉलरचं दफन अठराशे एकाहत्तर सालात सापडलं. गावाने ते दोन आकडे कोरून घ्यायचं ठरवलं होतं. जवळच्या शहरात थडग्यांचे दगड करणारा एक माणूस होता. तो सगळं मशीनवर करायचा, पण त्याच्याकडे त्याच्या वडिलांच्या छिन्न्या होत्या. कोठीतले मिस्त्री त्याला आकडे काढून देतील का?

एकनाथराव दोन दिवस बसले. मिस्त्रीच्या अठराशे सदतीसच्या तीन दगडांचे फोटो समोर ठेवून त्यांनी सात गिरवला, पुन्हा गिरवला. चौदा कागद फाडले. पंधरावा घेऊन ते निशिगंधाबरोबर कोठीच्या एसटीडी बूथवर फॅक्स करायला गेले.

बूथवाल्याने कागद उलटून पाहिला. "फक्त एकाहत्तर? आगे पीछे कुछ नहीं, अंकल?"

"नाही," एकनाथराव म्हणाले. "तेवढंच राहिलंय."

फेब्रुवारीत जाड पाकीट आलं. यावेळी ऑफिसच्या नव्हे, घरच्या पत्त्यावर. निशिगंधाने ते वडिलांच्या हातात दिलं. आत एक मोठा फोटो होता. पडकं चर्च, कमानीतून दिसणारं आभाळ आणि एकशे चाळीस नंबरच्या दगडाभोवती उभं असलेलं सगळं गाव. टोप्या, रेनकोट, एक कुत्रा. मध्ये जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई, त्याच ब्रिजिडबाई असणार. कडेला एक दणकट माणूस, हातात छिन्नी, लाजल्यासारखा.

"किती लोक जमलेत हो!" कुसुमताई म्हणाल्या. "आणि केवढी थंडी असंल, बघा कसे उभेत."

एकनाथराव लोकांकडे पाहत नव्हते. त्यांनी भिंग घेतलं आणि दगडाच्या खालच्या कोपऱ्यावर धरलं. पाणी मारून दगड ओला केलेला होता. एक आणि आठ जुने, झिजलेले. त्यांच्यापुढे सात आणि एक, नवे, पांढरे.

त्यांनी भिंग सातावर आणलं आणि तिथंच धरून ठेवलं.

"काय झालं अण्णा? चुकलं का त्याचं?"

"नाही. मी दिला तसाच काढलाय. केसाइतका फरक नाही."

त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. निशिगंधाने वाकून पाहिलं. सातची मान किंचित मागे झुकलेली होती, कुणी हाक मारल्यावर वळून पाहावं तशी. ती सरळ झाली. हा सात तिने किती दारांवर पाहिला होता. बडी चावडीच्या दवाखान्याच्या पाटीवर, तिच्या शाळेच्या फाटकावर, सुलतान बाजारच्या कितीतरी घर-नंबरांवर. मिस्त्रीच्या सदतीस सालच्या दगडांवरचे सात मात्र ताठ मानेचे होते.

तिने वडिलांकडे पाहिलं.

"मी त्याचाच गिरवत होतो," एकनाथराव हळूच म्हणाले. "चौदा कागद फाडले. पंधराव्याला वाटलं, आता जमला." त्यांनी कान खाजवला. "हात आपल्याच वाटेनं गेला की."

"कळवू का त्यांना?"

त्यांनी फोटो पुन्हा जवळ ओढला, आणि या वेळी तो सरळच धरला. चेहऱ्यावर हसू हळूहळू पसरत गेलं.

"नक्को," ते म्हणाले. "राहू दे. मिस्त्री काही बोलायचा नाही."